जोडीदाराच्या व्हिसाला जामीन कोण राहणार?

मंचर, घोडेगाव, नारायणगाव या पट्ट्यात एकमेकांना जामीन राहणं अंगवळणी पडलेलं आहे. ट्रॅक्टर घ्यायचा असो, विहिरीवर मोटर बसवायची असो की मुलीचं लग्न काढायचं असो, पतसंस्थेत अर्ज गेला की दोन जामीनदार लागतात आणि ते मिळतातही. एखादा चुलतभाऊ असतो, एखादे पगारदार गुरुजी असतात. सही करताना छापील मजकूर सहसा कोणी वाचत नाही. वाचन सुरू होतं ते कर्जदाराचे हप्ते थकल्यावर, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची वसुली जामीनदाराच्या दारात आल्यावर. १८७२च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच धरली आहे, हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येतं.

याच गावांतल्या घरांना आता एका निराळ्या सहीची गरज पडू लागली आहे. अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, तिथे तंत्रनिकेतनही आहे. कांदा-बटाट्याच्या घरांतली मुलं-मुली पुणे-नाशिक रस्त्याने आधी हिंजवडीला आणि तिथून एमएस करायला अमेरिकेला जायला लागली. काही परतली, काही तिकडचीच झाली. लग्नं मात्र पुष्कळदा इकडे जमतात. मग साखरपुडा, हळद, ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला असं सगळं रीतसर उरकतं आणि सहा-आठ महिन्यांनी कळतं, की जोडीदाराला अमेरिकेत नेण्यासाठी नवऱ्याचं किंवा बायकोचं तिकडचं उत्पन्न कमी पडतंय. ‘जॉइंट स्पॉन्सर’, म्हणजे उत्पन्नाची हमी देणारा आणखी कोणीतरी, शोधा. यात्रेला गावी आलेल्या न्यू जर्सीच्या चुलतभावाला गाठून कोणीतरी म्हणतं, “दादा, एक सही हवी होती.” दादाला वाटतं, पतसंस्थेसारखंच काहीतरी असेल.

तसं ते नाही. पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी पुष्कळ घरं उगाच धावपळ करतात. अमेरिकेत गेलेल्या बहुतेक मराठी सुनांनी हा कागद कधी पाहिलेलाही नसतो. नवरा एच-१बी व्हिसावर असेल तर बायको एच-४ वर जाते. विद्यार्थी असेल तर एफ-२ वर. तिथे ही हमी लागत नाही. कंपनीने नवऱ्याचं ग्रीन कार्ड केलं आणि त्याच अर्जात बायकोचं नाव असलं, तरीही सहसा लागत नाही. प्रश्न येतो तो घरच्या नात्यावर व्हिसा मागताना, म्हणजे नवरा-बायकोपैकी एक जण अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे आणि तो दुसऱ्यासाठी अर्ज करतोय, अशा वेळी. अर्ज करणारा अजून शिकत असेल, त्याची नोकरी नुकतीच गेली असेल, तो तासावर दुकानात राबत असेल, किंवा काही वर्षं भारतात राहिल्याने त्याचं अमेरिकेतलं उत्पन्नच बंद असेल, तर गाडी अडते.

परक्या माणसाचा बोजा आपल्या तिजोरीवर नको, ही अमेरिकेची भीती जुनी आहे. ऑगस्ट १८८२च्या स्थलांतर कायद्यात, स्वतःचा भार स्वतः उचलू न शकणाऱ्याला बंदरावरूनच परत पाठवायची तरतूद आली आणि उतरणाऱ्या प्रत्येकामागे पन्नास सेंटचा करही. त्यानंतर वर्षभराच्या आत, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या पाठीशी होत्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं, ते या बाईंच्या वाचनात आलं, पत्रव्यवहार वाढला आणि त्यांनी एका अनोळखी मुलीला आपल्या घरी ठेवून घेतलं. ना टॅक्स रिटर्न, ना नोटरी. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. आजच्या अर्जाच्या भाषेत बोलायचं तर नातं: काही नाही. तरी मराठी माणसाला अमेरिकेत याहून मोठा पाठीराखा मिळाल्याचं मला माहीत नाही.

पुढे शंभरेक वर्षांत हमीचे कागद आले, पण न्यायालयं त्यांना नैतिक वचनापलीकडे फारशी किंमत देत नसत. सही केलेल्याने हात झटकले तर त्याला धरता येत नसे. ही पळवाट १९९६ साली बुजली. त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या स्थलांतर कायद्याने ही हमी न्यायालयात बजावता येईल असा करार ठरवली. डिसेंबर १९९७ पासून आय-८६४ हा फॉर्म लागू झाला आणि सध्या सगळं त्याच्याभोवती फिरतं.

फॉर्मचा गाभा एका आकड्यात आहे. अमेरिकेचं आरोग्य खातं दरवर्षी जानेवारीच्या सुमारास दारिद्र्यरेषेचा तक्ता काढतं. त्या रेषेच्या सव्वापट उत्पन्न अर्जदाराने दाखवायचं. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्याला जोडीदारासाठी नुसती रेष पुरते, सव्वापट लागत नाही. २०२५च्या तक्त्यात दोन माणसांच्या घराची रेष २१,१५० डॉलर आहे. सव्वापट म्हणजे साधारण २६,४३७. अलास्का आणि हवाईचे आकडे याहून जास्त. भारतातून पाहणाऱ्याला २६ हजार डॉलर म्हणजे किरकोळ वाटतात, ‘तिकडे तर झाडूवालाही तेवढे कमावतो’ असं पारावर कोणीतरी बोलतोच. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर अडकलंय, आणि टेक्साससारख्या राज्यांत आजही तेच चालतं. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्नही आठवडे राबला तरी त्या दराने हाती येतात १५,०८० डॉलर. म्हणजे पूर्णवेळ, कायदेशीर मजुरी करणारा अमेरिकी नागरिक स्वतःच्या जिवावर स्वतःची बायको आणू शकत नाही. तेवढी मजुरी कायदा चालवून घेतो आणि तेवढ्या मजुरीवरचा संसार मात्र नाकारतो. हे मला पटत नाही. जॉइंट स्पॉन्सरची सोय आहे ती याच फटीवर ठिगळ म्हणून: ज्याच्या गोतावळ्यात कोणी खाऊन-पिऊन सुखी आहे, त्याचा संसार लागतो.

तर हा जॉइंट स्पॉन्सर कोण होऊ शकतो? त्याचं वय अठरा पूर्ण हवं, तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा आणि त्याचं बिऱ्हाड अमेरिकेत हवं. नात्याची अट नाही. मित्र चालतो, शेजारी चालतो, ऑफिसातला साहेब चालतो. माणूसच हवा मात्र. महाराष्ट्र मंडळ, मंदिर किंवा कंपनी यांची हमी चालत नाही. इथेच आपल्याकडची गणितं चुकतात. कॅलिफोर्नियात दीड लाख डॉलर पगार घेणारा एच-१बीवाला मित्र या कामाचा नाही, कारण त्याच्याकडे ग्रीन कार्ड नाही. रांगेत त्याची दहा-दहा वर्षं निघून जातात. त्याच गल्लीत किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा ग्रीन कार्डधारक मात्र चालतो. लंडनचे मामा चालत नाहीत. आंबेगावात वीस एकर बागायत असलेले सासरे तर नाहीतच.

दुसरी गफलत आकड्यांच्या बेरजेत होते. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात म्हणून दोन चुलतभाऊ निम्मं निम्मं वाटून घेऊ म्हणतात. तसं चालत नाही. एका व्हिसा मागणाऱ्याला एकच जॉइंट स्पॉन्सर, आणि त्याने सव्वापटीचा आकडा एकट्याने गाठायचा. मूळ अर्जदाराचं कमी पडलेलं उत्पन्न त्यात मिसळता येत नाही. उलट मूळ अर्जदाराची सुटकाही होत नाही: त्याचं उत्पन्न शून्य असलं तरी त्याने आपला आय-८६४ भरायचाच. जॉइंट स्पॉन्सरचा फॉर्म त्याच्या जोडीला वेगळा लागतो.

आणि घर मोजायचं ते कसं? हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण भले भले इथे घसरतात. समजा, न्यू जर्सीचा हा दादा, त्याची बायको, दोन लेकरं. चार झाले. येणारी नवी सून पाचवी. पाच जणांच्या घराचा २०२५चा सव्वापट आकडा ४७ हजार डॉलरच्या थोडा वर जातो. दादा म्हणतो, माझं साठ आहे, काही अडचण नाही. पण दादाने पाच वर्षांपूर्वी अवसरीहून आई-वडिलांनाही असाच फॉर्म भरून ग्रीन कार्डावर नेलेलं असतं. ते अजून नागरिक झालेले नाहीत, तर ते दोघेही त्याच्या हिशेबात धरायचे, मग ते त्याच्या घरात राहोत किंवा नाही. घर झालं सात जणांचं आणि आकडा गेला ६०,८०० च्या पुढे. साठ हजारवाला दादा आठशे डॉलरने नापास. आई-वडिलांना थंडी मानवली नाही म्हणून ते तीन वर्षांपूर्वीच गावी परतले असतील, तरी ग्रीन कार्ड रीतसर परत केल्याचा कागद नसेल तर ते हिशेबातून निघाले असं दाखवणं अवघड जातं. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीत ‘ते तर गावीच असतात’ एवढं सांगून भागत नाही.

दादाच्या बायकोचा पगार जोडता येतो, पण त्यासाठी तिने आय-८६४ए या वेगळ्या करारावर सही करायची. टॅक्स रिटर्न दोघांचं एकत्र असलं तरी तिची सही नसेल तर तिचं उत्पन्न वेगळं काढावं लागतं. सही केली की तीही जबाबदार. वहिनींना न विचारता दादाने ‘हो’ म्हटलेलं असतं आणि बरीच प्रकरणं याच जागी अडतात, असं माझं मत आहे. त्यात वहिनींचं काही चुकतं असं मला वाटत नाही. दीर-भावजयीच्या नात्यात आपला पगार, आपलं टॅक्स रिटर्न, सोशल सिक्युरिटी नंबर कोण उघडा करेल? शेवटी ही कागदपत्रं व्हिसा मागणाऱ्या सुनेच्या फाइलमध्ये जातात. गावाकडच्या सोयरिकीत कोण किती कमावतं ही गोष्ट झाकूनच ठेवलेली असते.

म्हणून तिसऱ्याच्या दारात जाण्याआधी घरातलेच पर्याय संपवावेत, हे कोणी सांगत नाही. गेल्या वर्षीचं रिटर्न कमी असलं तरी आजची नोकरी चांगली असेल, तर नेमणुकीचं पत्र आणि पगारपावत्या जोडून चालू उत्पन्न मांडता येतं. अर्जदाराच्या घरात राहणारे भाऊ किंवा आई-वडील तिथे कमावत असतील तर आय-८६४एवर सही करून त्याच्या उत्पन्नात भर घालू शकतात. तिथे बेरीज चालते. व्हिसा मागणाऱ्या जोडीदाराचं स्वतःचं उत्पन्नही धरता येतं, पण तेच काम अमेरिकेत गेल्यावरही चालू राहणार असेल तरच. पुण्यातल्या कंपनीतली नोकरी सोडून जाणाऱ्या सुनेचा पगार बारा लाख असला तरी इथे त्याचा उपयोग शून्य.

मग राहते मालमत्ता. इथे प्रत्येक घरात एकच सूचना पुढे येते: सातबारा दाखवा. नियम असा, की उत्पन्न जितकं कमी पडतं त्याच्या पाचपट किमतीची मालमत्ता दाखवायची; अर्जदार अमेरिकेचा नागरिक असेल आणि व्हिसा नवरा-बायकोचा असेल तर तिप्पट पुरते. उत्पन्न शून्य असलेल्या नागरिकाला दोघांच्या घरासाठी साधारण ७९ हजार डॉलर लागतील, ग्रीन कार्डधारकाला एक लाख ३२ हजार. मालमत्ता व्हिसा मागणाऱ्या जोडीदाराची असली तरी चालते. रुपयांत पाहिलं तर सत्तर लाखांच्या आसपासचा पहिला आकडा रस्त्याकडेच्या एक-दोन एकरांतही निघेल. पण अट आहे: ती मालमत्ता वर्षभरात रोखीत आणता यायला हवी आणि तो पैसा देशाबाहेर नेता यायला हवा. आता सातबारा काढून पाहा. त्यावर चार भाऊ, दोन बहिणी आणि वारलेल्या आजोबांचं नाव. हक्कसोड झालेली नाही, वाटप तोंडी. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, म्हणजे गिऱ्हाईकही मोजकंच. डोक्यावर सोसायटीचा बोजा. अशी जमीन वर्षभरात विकली जाईल हे गावातल्या दलालालाही पटणार नाही, तर वकिलातीतल्या अधिकाऱ्याला कसं पटावं? त्यापेक्षा जोडीदाराच्या एकट्याच्या नावावरची मुदत ठेव, म्युच्युअल फंड किंवा पुण्यातला कर्ज फिटलेला फ्लॅट कामाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे इथे राहणाऱ्या माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेव्हा पैसा नेण्याची वाट मोकळी आहे. अडचण आहे ती जमिनीच्या कागदांची.

हे सगळे पर्याय संपल्यावरच दादाकडे जायचं. आणि गेल्यावर त्याला सांगायचं काय, हा खरा प्रश्न.

पतसंस्थेचा जामीन एका रकमेला असतो. कर्ज फिटलं की तो मोकळा. आय-८६४ ला रक्कम नाही आणि मुदतही नाही. ती हमी एका माणसाची असते. येणाऱ्या व्यक्तीचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीखाली जाऊ देणार नाही, असं सही करणारा लिहून देतो. तिने फूड स्टॅम्प, मेडिकेड यांसारखी उत्पन्न पाहून मिळणारी सरकारी मदत घेतली, तर ती देणारं खातं तो खर्च त्याच्याकडे मागू शकतं. आणि ती व्यक्ती स्वतःही त्याला न्यायालयात खेचू शकते. मूळ अर्जदार आणि जॉइंट स्पॉन्सर दोघेही पूर्ण रकमेला बांधलेले. आधी नवऱ्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं दादाला म्हणता येत नाही.

ही जबाबदारी कधी संपते? ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली तर. तिच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीच्या कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या तर, म्हणजे ढोबळमानाने दहा वर्षं. त्यात लग्न टिकून असताना जोडीदाराने काम केलेल्या तिमाह्याही धरता येतात. ग्रीन कार्ड सोडून ती कायमची देशाबाहेर गेली तर. दोघांपैकी कोणी वारलं तर. या यादीत घटस्फोट नाही. पारावर हे सांगितलं की लोक चपापतात. लग्न मोडलं, सामान वेगळं झालं, दोन्ही घरांनी बोलणं टाकलं, तरी चुलत दिराची सही तशीच उभी. अमेरिकेतल्या निकालांनी ही गाठ आणखी घट्ट केली आहे. २०१२ साली शिकागोच्या संघीय अपील न्यायालयाने सांगितलं, की हमी मिळालेल्या व्यक्तीने पैसे मागण्याआधी नोकरी शोधण्याची धडपड केली पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही. २०१६ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या नवव्या मंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने ठरवलं, की लग्नाआधी लिहून घेतलेल्या ‘पोटगी मागणार नाही’ अशा कराराने ही हमी पुसली जात नाही. दोन्ही खटले मोडलेल्या लग्नांतले. ज्यांना वाटतं की हा कागद म्हणजे सरकारदरबारची एक औपचारिकता, त्यांनी एवढे दोन निकाल जाणून घेतले तरी पुरे.

उलट बाजूने भीतीही अवास्तव असते. सुनेने काढलेलं शिक्षणकर्ज, तिचं क्रेडिट कार्ड, तिच्या गाडीचा अपघात यांपैकी कशालाही जॉइंट स्पॉन्सर बांधलेला नसतो. ती नोकरी करून पोट भरत असेल तर त्याच्या खिशातून दमडी जात नाही. मात्र घर बदललं की तीस दिवसांत आय-८६५ भरून पत्ता कळवायचा. न कळवल्यास अडीचशे डॉलरपासून पुढे दंडाची तरतूद आहे. व्हिसा निघण्याआधी लेखी कळवून माघार घेता येते. निघाल्यावर नाही.

माझ्या मते सगळा घोळ इथे होतो: दादा सही करतो ती भावाकडे पाहून, आणि कायदा ती सही धरतो भावजयीच्या नावे. ज्या मुलीला तो लग्नात दोनदा भेटला, तिच्याशी त्याचा बेमुदत करार झालेला असतो. तो तिच्याशी फोनवर दहा मिनिटंही बोललेला नसतो. ती काय शिकली, तिकडे काय करणार, इंग्रजी कितपत, प्रकृती कशी, हे त्याने विचारलं तर इकडे लगेच ‘चौकशा करतो’ म्हणून रुसवे. खरं तर हे सगळं अधिकारीही पाहतो. कायद्यात वय, प्रकृती, शिक्षण, कौशल्य, घरची परिस्थिती यांचा विचार करायला सांगितलेलंच आहे. नुसता फॉर्म बरोबर असून भागत नाही. ट्रम्प सरकारने २०१९ साली या तपासणीचे नियम फारच कडक केले होते. ते फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाले आणि मार्च २०२१ मध्ये मागे पडले. असे नियम सरकारागणिक फिरतात, म्हणून कोणाच्या तरी मेहुण्याचं चार वर्षांपूर्वी कसं झालं यावर विसंबू नये.

कधी उलटं घडतं. मुलाकडच्यांकडे कोणी मिळत नाही आणि मुलीच्याच मावसभावाला पुढे केलं जातं. दिसायला हे सोयीचं. पण याचा अर्थ नवरा कमी पडला तर मुलीने आपल्याच मावसभावावर दावा लावायचा. ती तसं करणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिच्या हातातलं संरक्षण अशा वेळी कागदावरच राहतं. हुंडा घेत नाही असं सांगणाऱ्या घरांनी ‘सही तुमच्याकडून आणा’ म्हणणं, हेही एक प्रकारचं देणंघेणंच आहे.

जवळचं कोणी सापडलं नाही की एजंट भेटतो. पैसे घेऊन अनोळखी स्पॉन्सर ‘मिळवून देणारे’ सगळीकडे आहेत. सही करणारा शपथेवर लिहून देत असतो. त्याचं उत्पन्न फुगवलेलं निघालं, रिटर्न बनावट निघालं, तर तो गुन्हा आणि व्हिसा मागणाऱ्याच्या माथी फसवणुकीचा शिक्का. तो शिक्का पुसणं कर्ज फेडण्याहून अवघड. नातं नसलेला स्पॉन्सर कायद्याला चालतो हे खरं, पण ‘हे गृहस्थ तुमचे कोण?’ या मुलाखतीतल्या प्रश्नाला सरळ उत्तर असावं.

मुलाखत होते ती मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत. ब्रीच कँडीची जुनी वकिलात २०११ साली तिथे गेली. कागद त्याआधीच ऑनलाइन चढवायचे असतात: स्पॉन्सरचं ताजं रिटर्न किंवा टॅक्स खात्याकडचा उतारा, पगाराचा डब्ल्यू-२ दाखला, नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डचा पुरावा. हमीच्या छाननीचं शुल्क १२० डॉलर. कमतरता दिसली तर अधिकारी २२१(जी) ची चिठ्ठी हातात देतो. पोटात गोळा येतो, पण ही कायमची नकारघंटा नाही. मागितलेले कागद, त्यात जॉइंट स्पॉन्सरचाही आला, नंतर देता येतात. अवसरीहून पहाटे निघून मुंबई गाठलेल्या माणसाला ती चिठ्ठी म्हणजे सगळं संपल्यासारखं वाटतं, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं.

बाकीच्या देशांकडे नजर टाकली तर अमेरिकेचं हे दार निदान उघडं तरी आहे, असं म्हणावं लागतं. ब्रिटनने २०१२ साली जोडीदाराच्या व्हिसाला वर्षाला १८,६०० पौंडांची अट घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० वर नेली. तिथे तिसऱ्याची हमी धरतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर अगदी अपवादात्मक परिस्थितीत तिचा विचार होतो, एवढंच. नुसत्या शिलकीवर जायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात हवेत. ते सासऱ्याने बक्षीस म्हणून दिलेले चालतात. सासऱ्याचा शब्द चालत नाही. कॅनडाची तऱ्हा निराळी: जोडीदारासाठी बहुतेकांना उत्पन्नाची किमान अटच नाही, हमी तीन वर्षांची आणि मग मोकळे. आई-वडिलांना न्यायचं असेल तर मात्र क्वेबेक सोडून वीस वर्षं. जर्मनीत तिसऱ्याने लिहून दिलेली हमी २०१६ पासून पाच वर्षांनी संपते. दुबईत नवऱ्याचा स्वतःचा पगार पाहतात, चार हजार दिरहम, किंवा घर मिळत असेल तर तीन हजार. भावाचा पगार तिथे कोणी विचारत नाही. या सगळ्यांत मला कॅनडाचं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. मुदत ठरलेली असली की सही करणाराही निवांत असतो आणि येणाराही ओशाळा राहत नाही.

अमेरिकेत मुदत नाही, म्हणून काही घरं आपापसात कागद करतात: जॉइंट स्पॉन्सरला काही भरावं लागलं तर ते नवरा त्याला परत देईल. त्या दोघांपुरता असा करार करता येतो. सुनेचा किंवा सरकारचा हक्क त्याने कमी होत नाही. भाऊबंदकीत असा कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं वाटून बहुतेक जण तो टाळतात. मी दादाच्या जागी असतो तर मागितला असता, आणि वकिलाची फी भावाला भरायला लावली असती.

सुनेने मात्र दुसराच कागद मागावा. दोन्ही आय-८६४ ची, नवऱ्याच्या आणि जॉइंट स्पॉन्सरच्या, सह्या असलेली प्रत मुंबईच्या मुलाखतीआधीच आपल्या ताब्यात घ्यावी आणि एक माहेरी ठेवावी. लग्न दोन वर्षांच्या आतलं असेल तर पहिलं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. त्या काळात नवऱ्याने घराबाहेर काढलं तर पोलिसांपेक्षा आधी आठवायला हवा तो हा करार, पण तो आपल्या बाजूचा आहे हेच तिला कोणी सांगितलेलं नसतं. प्रत हाती नसली तर अमेरिकेच्या माहिती अधिकाराखाली स्थलांतर खात्याकडे अर्ज करून ती मिळवता येते, फक्त त्याला वेळ लागतो आणि वकील पहिल्या भेटीतच ती मागतो.